बाइंडरचा वजा एक

शाळेत असताना बाइंडरला भूमितीत दोनदा शून्य मिळालं होतं. पण शून्याच्याही खाली जायची पाळी त्याच्यावर आली ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बँकेत, चार लोकांदेखत.

"वजा एक," कर्जाच्या टेबलावरचा साहेब स्क्रीनकडे बघत म्हणाला. साहेब म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा, गळ्यात टाय आणि दर दुसऱ्या वाक्यात 'ॲक्च्युअली'.

"काय वजा एक?"

"तुमचा क्रेडिट स्कोअर, काका. ॲक्च्युअली हा स्कोअर नाहीच. म्हणजे तुमची काही हिस्टरीच नाही. तुम्ही आयुष्यात कधी कर्जच घेतलेलं नाही."

"नाही घेतलं," बाइंडर छाती पुढे काढून म्हणाला. "कुणाचा एक पैसा देणं लागत नाही मी. किराणावाल्याकडे माझ्या नावाची वहीसुद्धा नाही. विचारा कुणालाही."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना!"

बाइंडरची छाती जिथे होती तिथेच राहिली, फक्त तिचं काय करायचं ते त्याला कळेना. खरं सांगायचं तर तो इथे थोडंफार कौतुक होईल अशा हिशेबाने आला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. 'असं का, एकही कर्ज नाही? बसा ना, चहा घ्या,' असं काहीतरी साहेब म्हणेल आणि आपण 'नको नको' म्हणू, इथवर त्याची तयारी झालेली होती.

"मग आता?"

"आधी एखादं छोटं कर्ज घ्या. सहा महिने वेळेवर फेडा. मग बघू."

"म्हणजे मला कर्ज हवं असेल तर मी आधी कर्ज घ्यायचं?"

"करेक्ट!" साहेब म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला हात केला.

साहेबाच्या डोक्यामागच्या फळीवर बँकेच्या जुन्या व्हाउचरांचे जाडजूड गठ्ठे उभे होते. लाल कापडी पाठ, कोपरे चौकोनी, एकही पान बाहेर डोकावत नव्हतं. ते सगळे बाइंडरने स्वतःच्या हाताने शिवले होते. बावीस वर्षांची हिस्टरी त्या फळीवर ओळीने उभी होती, पण ती साहेबाच्या स्क्रीनवर दिसत नव्हती.

आता कर्ज कशाला हवं होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटायचं की याला गाडीबिडी घ्यायची होती. बाइंडर ज्या दुकानात काम करायचा तिथले मालक अडुसष्ट वर्षांचे झाले होते आणि त्यांचे गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे होते. "वर्षभर ओढतो," ते म्हणाले होते, "मग शटर खाली. कटिंग मशीन तू घे. तुला ऐंशी हजाराला देतो. नाही जमलं तर भंगारवाला वजनावर न्यायला टपलेलाच आहे." ते कटिंग मशीन म्हणजे दुकानाचा अर्धा जीव. लोखंडी, काळं, हाताने चाक फिरवायचं. पाचशे कागदांची थप्पी त्याखाली सरकवली की पातं ती अशा सफाईने कापायचं की कडेवरून बोट फिरवत बसावं. मशीन असलं तर बाइंडरचं स्वतःचं दुकान. नसलं तर या वयात कुठल्यातरी गोदामात खोकी मोजायची नोकरी. बाइंडरकडे जमवलेले वीस हजार होते, महिन्याचा पगार चौदा होता, आणि बाकीचे साठ हजार त्या टायवाल्याच्या टेबलापलीकडे होते.

संध्याकाळी इमारतीत बातमी पसरायला जेमतेम दोन जिने लागले. वरच्या मजल्यावरून हप्तेराव खाली आला. त्याचं खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण त्याच्या घरातला सोफा, टीव्ही, फ्रिज, मोटारसायकल, खिशातला फोन आणि तोंडातले पुढचे दोन दात सगळं हप्त्यावर असल्यामुळे हे नाव त्याला आपोआप चिकटलं होतं. एका कर्जाचा हप्ता तो दुसऱ्या कर्जातून भरायचा आणि दुसऱ्याचा तिसऱ्यातून.

"माझा स्कोअर किती आहे माहीत आहे?" हप्तेराव खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "सातशे ब्याऐंशी. बँकवाले मला स्वतःहून फोन करतात. साहेब, कर्ज घेता का, साहेब, कर्ज घेता का. मला नाही म्हणायला वेळ नसतो."

"अहो, पण तुम्ही मागच्या महिन्यात आमच्याकडून सिलिंडरचे पैसे नेलेत," बाइंडरची बायको आतून म्हणाली. "ते अजून आले नाहीत."

"वहिनी, ते काही सिस्टिममध्ये दिसत नाही."

बायको दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर काम करायची. रोज दोनशे आजारी माणसांना रांगेत ठेवण्याची तिला सवय होती आणि जीभ तशीच तयार झाली होती. "यांना हकला," ती नवऱ्याला म्हणाली. पण बाइंडरने हकललं नाही. तिथेच चुकलं.

हप्तेरावाच्या सल्ल्याने आधी एक मिक्सर हप्त्यावर घ्यायचं ठरलं. घरात एक मिक्सर होता आणि तो चांगला चालत होता, ही गोष्ट बायकोने तीन वेळा निदर्शनास आणली. "मिक्सर घ्यायचा नाहीये, हिस्टरी घ्यायची आहे," बाइंडर म्हणाला. दुकानदाराने सहा हप्ते बांधून दिले, फॉर्मवर अकरा सह्या घेतल्या आणि मिक्सर पिशवीत घालून दिला. बाइंडर तो घरी घेऊन आला, कपाटावर ठेवला आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

हे कुणाला खोटं वाटेल, पण ज्याने जन्मात उधारी केली नाही त्याच्या डोक्यावर न फेडलेला मिक्सर म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्या दिवशी तो मिक्सरकडे बघायचं टाळू लागला. दुसऱ्या दिवशी त्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून त्याने लांबचा रस्ता धरला. तिसऱ्या दिवशी दुकानदार समोरून येताना दिसला तसा तो एका केशकर्तनालयात शिरला आणि गरज नसताना केस कापून बाहेर आला. चौथ्या दिवशी मात्र त्याला सहन झालं नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधीच तो पायरीवर जाऊन बसला, शटर वर गेल्याबरोबर सगळेच्या सगळे पैसे काउंटरवर मोजून ठेवले आणि म्हणाला, "हं. झालं एकदाचं."

"काका! असं नसतं हो करायचं!" दुकानदार डोक्याला हात लावून म्हणाला. "कर्ज चार दिवसांत बंद केलं तर हिस्टरी कसली होणार? आणि वेळेआधी बंद केलं म्हणून साडेतीनशे दंड द्यावा लागेल."

"वेळेआधी दिले म्हणून दंड?"

"कंपनीचं व्याज बुडतं ना."

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उशिरा दिलं तर दंड, हे समजू शकतं. लवकर दिलं तरी दंड, म्हणजे या लोकांना पैसे परत नको आहेत, त्यांना माणूस लोंबकळत ठेवायचा आहे. हे सगळं तो त्या दुकानात उभा राहून बोलला. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि साडेतीनशेची पावती फाडली.

मग खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क पुढे सरसावले. आयुष्यभर सरकारी फायलींवर शेरे मारल्यामुळे त्यांना कुठल्याही विषयात मत असायचं. "हप्तेराव उथळ माणूस," ते म्हणाले. "मार्ग म्हणजे कार्ड. बँकेत पंधरा हजार ठेव ठेवायची, त्यावर बँक बारा हजाराचं कार्ड देते. ते वापरायचं आणि महिन्याला फेडायचं."

"म्हणजे माझेच पंधरा हजार बँकेला द्यायचे, त्यातले बारा बँकेने मला उसने द्यायचे, आणि ते मी वेळेवर परत केले की बँकेचा माझ्यावर विश्वास बसणार?"

"आता कसं बरोबर समजलात."

"आणि माझा बँकेवर विश्वास कसा बसायचा?"

"तो कॉलम फॉर्ममध्ये नाही," हेडक्लार्क म्हणाले.

कार्ड आलं. चकचकीत होतं, नाव बरोबर छापलं होतं. पण ते वापरायचं कुठे, हा नवीनच त्रास. किराणावाला कार्डावर शेकडा दोन जास्त मागायचा. भाजीवालीने ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. शेवटी औषधाच्या दुकानात घेतात असं कळलं, म्हणून बाइंडर महिन्याला सहाशे-सातशेची औषधं घ्यायला लागला. खोकल्याची, पित्ताची, गुडघ्याची. गुडघ्याची मालकांच्या कामी आली. "घरात चार बाटल्या खोकल्याच्या आहेत आणि खोकला कुणालाच नाही," बायको म्हणाली. "तुमचा आकडा वाढेपर्यंत कुणीतरी आजारी पडायला हवं."

पण आकडा वाढला, बरं का! चार महिन्यांनी सहाशे ब्याण्णव. सहाव्या महिन्यात सातशे अकरा. साडेसातशेला कर्ज मिळणार होतं. बाइंडर दुकानात शीळ घालत शिलाई करायला लागला. याच आनंदाच्या भरात त्याने हेडक्लार्कांचा दुसरा सल्ला ऐकला. सल्ला असा, की एकाच ठिकाणी अर्ज करून बसू नये, चार ठिकाणी टाकून ठेवावेत, सरकारी खात्यात असंच करतात. बाइंडरने चार ठिकाणी अर्ज टाकले. पंधरा दिवसांत आकडा सहाशे सत्तरवर घसरला.

"चार-चार ठिकाणी अर्ज करता, काका?" साहेब स्क्रीनमध्ये डोकं घालून म्हणाला. "सिस्टिमला वाटतं, हा माणूस कर्जासाठी हपापलेला आहे."

हपापलेला. चार दिवस मिक्सर डोक्यावर सहन न झालेला माणूस! बाइंडर त्या दिवशी घरी आला तो बूटही न काढता तसाच पलंगावर बसून राहिला. बायकोने चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्याने तो आणखीच चिडला, कारण तिला कीव आली असं त्याला वाटलं.

आणि मग खरा घाव बसला. गेले चार महिने मालक पगार अर्धाच द्यायचे. पहिल्या तारखेला सात हजार हातावर ठेवायचे आणि दुसरीकडे बघत म्हणायचे, "उरलेले देतो रे. एका मोठ्या गिऱ्हाइकाचं बिल अडकलंय." कुठल्या गिऱ्हाइकाचं, ते कधी सांगायचे नाहीत. हा त्यांचा जुना नेम होता. ज्याच्याकडून येणं आहे त्याचं नाव चारचौघांत काढायचं नाही. माणसाची अब्रू आपल्या वहीत असते, ती वहीतच राहिली पाहिजे, असं ते म्हणायचे. बावीस वर्षांत बाइंडरला कळलं नव्हतं की दुकानाचे पैसे कुणी बुडवले आणि कुणी रडतखडत दिले. पाचव्या महिन्यात पहिल्या तारखेला सातही आले नाहीत. आले ते नऊ तारखेला. आणि पाच तारखेला कार्डाचे सहाशे चाळीस बाइंडरच्या खात्यातून आपोआप कापायला यंत्र आलं, तेव्हा खात्यात पाचशे ऐंशी होते.

साठ कमी. साठ! हप्तेरावाने नेलेल्या सिलिंडरच्या पैशांत असे कितीतरी साठ बसले असते. बँकेने पैसे कापता आले नाहीत म्हणून पाचशे दंड लावला, कार्डवाल्यांनी उशीर झाला म्हणून वेगळे चारशे लावले, आणि पुढच्या महिन्यात ही बातमी देशातल्या तमाम बँकांच्या स्क्रीनवर जाऊन पोचली. सहाशे एकोणीस.

"आता निदान तीन वर्षं हे दिसत राहणार," साहेब म्हणाला. "सॉरी, काका. लोन नाही होणार."

"साठ कमी होते हो. चार दिवस उशीर."

"सिस्टिमला कारण कळत नाही, काका."

शटर खाली यायला तीन आठवडे उरले होते. भंगारवाला येऊन मशीनचं वजन अंदाजून गेला होता. जाताना त्याने चाकावर दोनदा थाप मारली, ती बाइंडरला स्वतःच्या पाठीवर बसल्यासारखी लागली. बँकेतून बाइंडर दुकानात परत आला, हातातली पिशवी आपटली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मालकांवर आवाज चढवला. "तुमच्या त्या मोठ्या गिऱ्हाइकापायी माझा पगार चुकला, पगारापायी कार्ड चुकलं, आणि आता सगळ्या जगात मी बुडवा ठरलो! कोण आहे तो? नाव सांगा मला!"

मालक बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग त्यांनी कपाटातून नऊ कागद काढले आणि टेबलावर उलटे मांडले.

"मी काही नाव घेतलेलं नाही," ते म्हणाले. "तू उचलून बघितलंस."

बाइंडरने उचलून बघितलं. नऊ महिन्यांची नऊ बिलं. व्हाउचर शिलाई, कापडी पाठ, कटिंगसह. सगळ्यांवर एकाच गिऱ्हाइकाचा शिक्का. बँकेचा.

ज्या बँकेने त्याचे साठ, चार दिवसांसाठी, सगळ्या देशाला सांगितले होते, तिचे एक लाख बारा हजार मालकांनी नऊ महिने स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितले नव्हते. बाइंडरने बिलं पिशवीत घातली आणि तो निघाला. शर्टाला खळ लागलेली होती. त्याने बदलला नाही.

बँकेत साहेबाच्या टेबलासमोर एक जोडपं बसलं होतं. बाइंडर त्यांच्या मागे उभा राहिला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, जरा तुमचा स्कोअर दाखवा."

"काय?"

"तुमचा. बँकेचा." त्याने नऊ बिलं टेबलावर ओळीने मांडली. "नऊ महिने झाले. किती दिसतो बघा ना स्क्रीनवर."

साहेबाने बिलं बघितली. कान लाल झाले. "काका, ॲक्च्युअली बिल्स डिपार्टमेंट वेगळं असतं. हे हेड ऑफिसला प्रोसेसमध्ये असणार."

"माझा पगारपण प्रोसेसमध्येच होता. तुमच्याच प्रोसेसमध्ये."

"बँकेचा असा स्कोअर नसतो, काका."

"म्हणजे वजा एक," बाइंडर म्हणाला.

जोडप्यातली बाई हसली. साहेबाने आवाज खाली आणला. "आपण नंतर बोलू या का?"

"नंतर तुम्हालाच जमणार नाही. सोमवारी तुमच्याकडे ऑडिट आहे. गेल्या तीन महिन्यांची सगळी व्हाउचरं आमच्या दुकानात पडलीयत. सुटी. एकही शिवलेलं नाही. दोन दिवस झाले, गरम होतंय तरी आम्ही पंखा लावलेला नाही." तो जरा थांबला. "पण आज फारच गरम होतंय."

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. त्याने बाइंडरला 'बसा ना' म्हटलं आणि चहा मागवला. वर्षाने का होईना, तो चहा आला. बाइंडरने तो घेतला नाही. जे बिल्स डिपार्टमेंट इतकं वेगळं होतं ते दुपारी साडेतीन वाजता एकदम जवळ आलं आणि एक लाख बारा हजार मालकांच्या खात्यात जमा झाले.

"आणि माझ्या नावावरचा तो डाग?" बाइंडरने उठताना विचारलं. "तो काढा ना. तुमच्यामुळे लागला."

"ते नाही होणार, काका," साहेब म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. "सिस्टिममध्ये गेलंय."

तो डाग अजून आहे. तो का आहे, याला कुणाकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे असायला हवं ते चहा मागवतात. बाइंडरला त्याचा आजही संताप येतो. जेवताना मध्येच हातातला घास खाली ठेवतो आणि म्हणतो, "साठ!" बायको पानात आमटी वाढते. सिलिंडरच्या पैशांसाठी मात्र ती एका रविवारी सकाळी वर गेली आणि हप्तेरावाच्या नव्या सोफ्यावर पैसे मिळेपर्यंत बसून राहिली. दुपारी जेवायच्या वेळी पैसे घेऊन खाली आली.

मशीनचं मालकांनी पाच मिनिटांत मिटवलं. "तुझे थकलेले पगार माझ्याकडेच राहू देत," ते म्हणाले, "वर कार्ड मोडून ठेव सोडव, ती दे. उरलेले महिन्याला दोन-दोन हजार. गाळ्याचं भाडं तू भर." फॉर्म नाही, सही नाही.

"लिहून तरी घ्या, मालक."

"बावीस वर्षं बघतोय तुला. आणखी काय लिहायचं?" मग त्यांनी बोट रोखलं. "फक्त एक. वेळेआधी आणून दिलेस तर घेणार नाही. चार दिवसांत पायरीवर येऊन बसायचं नाही."

बाइंडरने खूप वेळ मशीनचं पातं पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

तीन महिन्यांनी एका दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. कर्जाच्या टेबलावरचा साहेब स्वतः उतरला, दोन्ही हातांत छातीपर्यंत सुट्या व्हाउचरांची चळत, वरून हनुवटीने दाबून धरलेली. बँकेने दुसरा बाइंडर शोधून बघितला होता, तो पाठ वाकडी करत होता.

"काका, अर्जंट आहे," साहेब हनुवटी न हलवता म्हणाला. "बिल नेहमीप्रमाणे पाठवा, होऊन जाईल."

बाइंडरने ड्रॉवरमधून वही काढली. वही त्याने स्वतःच शिवलेली होती, कापडी पाठीची. बोटाने ओळ शोधली. दुकानात दुसरं कुणी नाही ना, ते मागे वळून नीट बघितलं, कारण मालकांचा नेम आता त्याचा होता. मग आवाज खाली आणून म्हणाला,

"साहेब, तुमची हिस्टरी चांगली नाहीये. आधी एखादं छोटं काम रोखीने करून घ्या. सहा महिने वेळेवर पैसे द्या. मग बघू."

"काका, प्लीज. हे कुठेतरी ठेवू तरी द्या. हात भरून आलेत."

"उकडतंय ना फार?" बाइंडर म्हणाला, आणि त्याने पंखा लावला.